चार सिलिंडरचं इंजिन किती फिरवावं आणि का

इंजिन फार फिरवलं की ‘फुटतं’ असं आपण म्हणतो आणि पेट्रोलच्या स्फोटाने आत काहीतरी उडालं असेल असं धरून चालतो. पण जास्त आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) इंजिन मोडतं ते बहुतेक वेळा आतल्या भागांच्या स्वतःच्या वजनाने. पिस्टन वर जातो, थांबतो, उलट फिरतो, खाली येऊन थांबतो, पुन्हा वर. त्याला थांबवायचं आणि परत ओढायचं काम कनेक्टिंग रॉडचं, आणि रॉडचं खालचं टोक क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या ढकलण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, धरून ठेवतात दोन बोल्ट. आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोमीटरवर लाल पट्टा कुठे सुरू करायचा हे ठरवताना पहिला विचार या दोन बोल्टांचा होतो. मग व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, ऑइल, क्रँक. यातला जो दुवा सर्वात आधी हात टेकतो, त्याच्या थोडं अलीकडे पट्टा रंगवतात.

आधी पिस्टनचा हिशेब

मारुती स्विफ्टमध्ये बरीच वर्षं आलेलं के१२ पेट्रोल इंजिन घेऊ. चार सिलिंडर, ११९७ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) ७१.५ मिमी. ६,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली, एकदा वर जातो, म्हणजे १४३ मिमी कापतो. सेकंदाला १४.३ मीटर झाले. हा सरासरी वेग. अध्येमध्ये तो याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि दोन्ही टोकांना शून्य. रोजच्या गाड्यांची इंजिनं आपापल्या कमाल आरपीएमला साधारण १४ ते २० मीटरच्या पट्ट्यात असतात. २५ च्या आसपास गेलं की ते रेसच्या इंजिनांचं राज्य.

त्या राज्यात नंबर प्लेट लावून शिरलेली गाडी म्हणजे १९९९ ची होंडा एस२०००. १,९९७ सीसी, चार सिलिंडर, ८४ मिमी स्ट्रोक आणि लाल पट्टा थेट ९,००० ला. गुणाकार करा, २५.२ मीटर येतात. त्यासाठी घडीव (ठोकून घडवलेले) पिस्टन, घडीव रॉड, कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्यावर) घर्षण कमी करणारे रोलर असा सगळा सरंजाम होंडाने त्यात घातला. पुढे २००४ मध्ये अमेरिकेसाठी स्ट्रोक ९०.७ मिमी करून २,१५७ सीसीचं इंजिन दिलं, तेव्हा लाल पट्टा ८,००० वर आला. स्ट्रोक जेमतेम ६.७ मिमीने वाढला आणि हजार आरपीएम गेले. कमाल ताकद जवळपास तेवढीच राहिली, ती थोडी खालच्या फेऱ्यांना मिळू लागली.

उलट स्ट्रोक छोटा ठेवला तर आरपीएमचा आकडा कितीही मोठा दिसो, पिस्टनला तो तितका जड जात नाही. नेल्सन पिकेने १९८३ चं फॉर्म्युला वनचं अजिंक्यपद ज्या ब्रॅबममधून मिळवलं, तिच्यात बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडरी टर्बो इंजिन होतं. बोअर ८९.२ मिमी, स्ट्रोक फक्त ६० मिमी. सुमारे ११,००० आरपीएमला त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग २२ मीटर येतो, म्हणजे ९,००० वरच्या होंडापेक्षा कमी. कावासाकीच्या झेडएक्स-२५आर या अडीचशे सीसीच्या चार सिलिंडरी मोटारसायकलचा स्ट्रोक ३१.८ मिमी आहे. १५,५०० आरपीएमला तिचे पिस्टन सेकंदाला १६.४ मीटरने धावतात, आपली स्विफ्ट कमाल फेरे रोखणाऱ्या लिमिटरजवळ पोचल्यावर धावते त्याच्या जरासं वर. तेव्हा नुसता आरपीएमचा आकडा ऐकून कुठल्याही इंजिनाबद्दल मत बनवू नये, स्ट्रोक विचारावा.

बोल्टांवर काय येतं

सरासरी वेग अंदाज बांधायला बरा, पण रॉड तोडतं ते त्वरण. पिस्टन सर्वात वर पोचतो तिथे ते सर्वाधिक असतं आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट.

स्विफ्टच्याच इंजिनात क्रँकची त्रिज्या ३५.७५ मिमी. रॉड त्रिज्येच्या साडेतीन पट लांब धरू, आणि पिस्टन, रिंगा, पिन, रॉडचा वरचा भाग असं मिळून वजन ४०० ग्रॅम धरू. ३,००० आरपीएमला रॉडवर येणारी ओढ सुमारे १८५ किलो. ६,००० ला ७४० किलो. ९,००० ला १,६६५ किलो. मूळ वस्तू चारशे ग्रॅमची आहे हे विसरू नका. एस२००० च्या पिस्टनचं वरच्या टोकाचं त्वरण ९,००० ला गुरुत्वाकर्षणाच्या ४,८०० पटींहून जास्त असतं, त्यामुळे तिथे पिस्टनमधला एकेक ग्रॅम कमी करण्यासाठी झगडावं लागतं.

आता स्फोटाचा जोर पाहा. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर सिलिंडरमधला दाब ६५ बारपर्यंत गेला असं धरलं, तर ७३ मिमीच्या पिस्टनवर सुमारे २,७७० किलोचा जोर येतो. आकडा ओढीपेक्षा कितीतरी मोठा, पण तो रॉडला दाबतो. दाबलेला रॉड सहसा तुटत नाही, आणि बोल्टांना तर त्या जोराचा पत्ताही लागत नाही. तो बेअरिंगच्या वरच्या शेलमधून (रॉड आणि क्रँकमधल्या पातळ अर्धगोल अस्तरातून) थेट क्रँकवर जातो. बोल्टांच्या वाट्याला येते निव्वळ ओढ.

चार स्ट्रोकच्या चक्रात पिस्टन दोनदा वर पोचतो. कॉम्प्रेशन संपताना दाबलेली हवा त्याला वरून अडवते आणि बोल्टांचं ओझं हलकं करते. एक्झॉस्ट संपताना मात्र व्हॉल्व्ह उघडे असतात, वरून अडवायला काहीच नाही, सगळी ओढ दोन बोल्टांवर. त्यात जास्त आरपीएमला असताना पाय एकदम उचलला तर थ्रॉटल बंद होतो, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि कॉम्प्रेशनच्या टोकाला मिळणारी मदतही जवळपास जाते. रॉड पुष्कळदा पूर्ण जोरात असताना तुटत नाही, पाय काढल्यावर तुटतो, त्याचं कारण हे.

८ मिमीचा १०.९ दर्जाचा बोल्ट सुमारे ३० किलोन्यूटन, म्हणजे तीन टन ओढ कायमचा न ताणता झेलतो. दोन बोल्ट म्हणजे सहा टन. मग पाऊण टनाची भीती कशाला? प्रश्न थकव्याचा आहे. ६,००० ला एक्झॉस्टच्या टोकाची ओढ सेकंदाला ५० वेळा येते, तासाला १,८०,००० वेळा. बोल्ट नीट आवळलेला असेल तर आवळण्याची ओढ बाहेरच्या ओढीपेक्षा कायम जास्त राहते, सांधा उघडत नाही आणि बोल्टला हे हेलकावे जवळजवळ जाणवत नाहीत. आवळणी कमी पडली की प्रत्येक हेलकावा बोल्टच्या अंगावर येतो, आणि मग तो आपल्या ताकदीच्या निम्म्याहून कमी भारावरही एक दिवस तुटतो.

म्हणून बऱ्याच इंजिनांत हे बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कने आणि मग वर ठरलेले अंश फिरवून आवळायचे असतात. तसे आवळताना ते मुद्दाम ताणले जातात, आणि एकदा ताणलेला बोल्ट परत वापरायचा नसतो. इंजिन खोललं की नवे बोल्ट. धाग्यांना ऑइल लावायचं की कोरडे ठेवायचे हेही मॅन्युअलमध्ये पाहून करायचं, कारण टॉर्क रेंचवर आकडा तोच असला तरी कोरड्या धाग्यात बराचसा जोर घर्षणात जातो आणि बोल्ट हवा तेवढा ताणला जात नाही. जुने बोल्ट रॉकेलने पुसून ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेलं इंजिन गावात ३,००० वर वर्षानुवर्षं चालतं. एक्सप्रेसवेवर तेच इंजिन ताणून चालवलं की त्या अंदाजाची परीक्षा होते.

बोल्ट तुटायच्या आधी आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे कमी लक्ष जातं. ओढीमुळे रॉडचं खालचं गोल टोक उभं लांबट होतं, आणि लांबट झालं की बाजूंनी आत येतं. शेल आणि क्रँकपिनमध्ये (क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसतो त्यात) मोकळी जागा असते मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांश. बाजू तेवढ्या आत आल्या की ऑइलचा थर पुसला जातो, शेल घासते, तापते, जागेवरून सरकते आणि पिनबरोबर फिरायला लागते. पुढे रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. उघडल्यावर बोल्ट तुटलेला दिसतो, दोष त्याच्यावर जातो, पण सुरुवात शेलपासून झालेली असते.

पिस्टनच्या रिंगांनाही वजन असतं. फार जास्त फेऱ्यांना रिंग खोबणीत वरखाली फडफडते, सीलिंग सुटतं, दाबाखालचा वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या भांड्यात, उतरतो. नव्या इंजिनांत रिंगा एक-सव्वा मिलिमीटर जाडीच्या करण्यामागे घर्षणाइतकंच हेही कारण आहे.

व्हॉल्व्ह कॅमला सोडतो तेव्हा

स्पीड ब्रेकरवरून दुचाकी हळू नेली तर चाक उंचवट्याला चिकटून चढतं आणि उतरतं. जोरात नेली तर माथ्यावरून हवेत जातं आणि पुढे आपटतं. कॅमच्या उंचवट्यावर टॅपेटचं, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या दुव्याचं, असंच होतं. व्हॉल्व्ह उघडतो कॅमच्या ढकलण्याने, पण बंद होताना त्याला कॅमवर टेकवून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे स्प्रिंग. ६,५०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ९.२ मिलिसेकंदांत होतो. व्हॉल्व्ह क्रँकच्या २४० अंशांइतका वेळ उघडा राहत असेल, तर आठ-नऊ मिलिमीटर आत जाऊन परत सीटवर (ज्या कडेवर तो घट्ट टेकतो तिथे) बसायला त्याला जेमतेम ६ मिलिसेकंद मिळतात. एवढ्यात स्प्रिंगने व्हॉल्व्ह, टॅपेट, स्प्रिंगवरची टोपी, ती अडकवून ठेवणारं व्हॉल्व्ह लॉक आणि स्वतःची निम्मी-अर्धी वेटोळी परत आणायची.

स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह हवेत तरंगतो आणि उशिरा, आपटत बसतो. पहिल्यांदा जाणवतं ते एवढंच, की ठरावीक आरपीएमच्या वर गाडी अडखळते, ताकद एकदम पडते. तिथेच पाय काढला तर बहुतेक वेळा निभावतं. नाही काढला तर आपटून आपटून सीट खराब होते, व्हॉल्व्ह लॉक निसटू शकतं, आणि ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत पाळीपाळीने येतात तिथे वर येणारा पिस्टन व्हॉल्व्हला गाठतो. मग व्हॉल्व्ह वाकतो. त्याची चकती तुटून आत पडली तर पिस्टन, हेड आणि सिलिंडर तिन्ही जातात.

हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनांत आणखी एक खोड आहे. व्हॉल्व्ह तरंगला की मध्ये फट पडते, टॅपेटला वाटतं झीज झाली, आणि ऑइल भरून तो ती फट भरून काढतो. आता व्हॉल्व्ह पूर्ण बसूच शकत नाही, आणि फेरे खाली आले तरी काही क्षण कॉम्प्रेशन गायब राहतं. जास्त फिरवायच्या इंजिनांत स्क्रूचे किंवा शिमचे (पातळ चकत्यांचे) साधे टॅपेट पसंत करण्याचं हे एक कारण.

जाड स्प्रिंग टाकली की प्रश्न सुटला असं नाही. तिचा दाब कॅम आणि टॅपेटवर दिवसभर असतो, ट्रॅफिकमध्ये आयडलवरसुद्धा, आणि तिथे ऑइलचा थर सर्वात पातळ असतो. शिवाय स्प्रिंगला स्वतःची कंपनसंख्या असते. कॅमच्या धक्क्यांशी ती जुळली की वेटोळ्यांमधून लाट धावते आणि स्प्रिंगचा प्रत्यक्ष दाब हवा तेव्हाच कमी पडतो. म्हणून एकात एक दोन स्प्रिंगा, किंवा वर निमुळती होत जाणारी स्प्रिंग वापरतात. वरची टोपी हलकी करणं हा त्याहून सरळ उपाय, कारण तिथला प्रत्येक ग्रॅम स्प्रिंगच्या खांद्यावरून उतरतो. फॉर्म्युला वनमध्ये रेनोने १९८६ मध्ये लोखंडी स्प्रिंगच काढून दाबाखालच्या वायूने व्हॉल्व्ह बंद करायला सुरुवात केली आणि तिथली आरपीएमची कमान वरच चढत गेली.

पिस्टन सांभाळून घेत असतानाही व्हॉल्व्हमुळे हात कसे बांधले जातात, याचं आपल्याकडचं उदाहरण प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याला बनलेल्या या गाडीचं १,०८९ सीसीचं इंजिन ६८ बाय ७५ मिमीचं, म्हणजे ५,००० आरपीएमला पिस्टनचा वेग फक्त साडेबारा मीटर. पण कॅम खाली ब्लॉकमध्ये, तिथून लांब पुशरॉड, वर रॉकर, मग व्हॉल्व्ह. एवढा सगळा लवाजमा प्रत्येक वेळी उलटा फिरवायचा. त्यात क्रँकला ब्लॉकमध्ये आधार देणारी मेन बेअरिंगं तीनच. त्या टॅक्स्या लाखो किलोमीटर चालल्या, कारण त्यांना कुणी ताणलंच नाही.

सीएनजीवर चालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कोरड्या वायूत पेट्रोलच्या तुलनेत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. सतत जास्त फेऱ्यांवर पळवलेल्या गाडीत हे आणखी लवकर होतं. फट संपली की व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि तो जळतो. इंजिन थंड असताना फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) फट मोजायला अर्धा तास लागतो, हेड उतरवायला दोन दिवस.

ऑइल पोचतं का

रॉडच्या शेलपर्यंत ऑइल जातं ते क्रँकच्या आतल्या भोकांतून. ज्या क्रँकमध्ये हे भोक मेन जर्नलच्या (क्रँकच्या मेन बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) मध्यातून आरपार जातं, तिथे ऑइलला बाहेरून आत, केंद्राकडे जावं लागतं, आणि फिरता क्रँक त्याला बाहेर फेकत असतो. २५ मिमी त्रिज्येच्या जर्नलला हा विरोध ६,५०० आरपीएमला सुमारे १.२ बार होतो आणि ९,००० ला २.४ बार. म्हणजे पंपाच्या तीन-चार बारपैकी मोठा हिस्सा निव्वळ आत शिरण्यात गेला. इंजिन बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, की ऑइल गरम असताना दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार दाब हवा. नव्या पातळ ऑइलच्या इंजिनांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही, पण ६,००० ला दोन बार दिसत असेल तर गाडी बाजूला घ्यावी.

दाब दिसतोय आणि तरी शेल गेली, असंही होतं. ऑइलमध्ये हवा मिसळलेली असते तेव्हा. चेंबरमधलं ऑइल क्रँकच्या फटक्यात सापडलं की त्याचा फेस होतो, आणि फेस पंपातून जातो, गेजवर दाबही दाखवतो, पण बेअरिंगमध्ये भार उचलत नाही. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरणं म्हणूनच वाईट. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा सल्ला कितीही मायेने दिलेला असो, घेऊ नये. कमी असेल तर उलटी अडचण. लांब वळणावर, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जोरात फिरताना ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाचं तोंड क्षणभर हवा ओढतं. ६,००० आरपीएमवर तो क्षण शंभर फेऱ्यांचा असू शकतो. वरच्या खुणेपासून वर नाही आणि मध्याच्या खाली नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

थंड इंजिनाबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन गरम झालं असं धरतात. ऑइल पाण्याच्या बरंच मागे असतं. काटा मध्यावर आल्यानंतरही निदान सात-आठ किलोमीटर ३,०००-३,५०० च्या खाली चालवावं. थंड ऑइल जाड असतं, पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, गेजवर दाब भरपूर दिसतो आणि ऑइल मात्र फिल्टर-बेअरिंगकडे कमी आणि परत चेंबरकडे जास्त जातं.

चार सिलिंडरांची खास खोड

सरळ रांगेतल्या चार सिलिंडरांत दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे सगळं एकमेकांना तोलून धरेल असं वाटतं. तसं होत नाही. रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला जास्त झटक्याने वळतो आणि खालच्या टोकाला कमी. एस२००० मध्ये हे त्वरण वर गुरुत्वाकर्षणाच्या ४,८५० पट आणि खाली २,७६० पट असं आहे. वरच्या दोघांचा जोर खालच्या दोघांपेक्षा जास्त राहिला, आणि उरलेला फरक सगळं इंजिन वरखाली हलवतो, फेऱ्यांच्या दुप्पट वेगाने. आपल्या चारशे ग्रॅमच्या हिशेबात ६,००० ला हा जोर सुमारे ६५० किलो येतो, सेकंदाला २०० वेळा. हा ब्लॉकवर, माउंटिंगवर, ऑइलच्या नळ्यांवर, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर जातो. ब्रॅकेटला तडे जातात ते असेच.

लहान इंजिनांत हे सोसलं जातं. दोन लिटरच्या वर गेलं की बॅलन्स शाफ्ट घालतात, म्हणजे क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन असंतुलित दांडे. मित्सुबिशीने सत्तरच्या दशकात हे नीट जमवलं आणि पोर्शेने ९४४ च्या मोठ्या चार सिलिंडरी इंजिनासाठी त्याचा परवाना घेतला. पण क्रँक ६,५०० ला असताना हे दांडे १३,००० ला फिरतात, त्यांचीही बेअरिंगं आणि साखळी आलीच. आराम मिळतो आणि आरपीएमच्या साखळीत आणखी एक कच्चा दुवा जोडला जातो.

क्रँक पिळलाही जातो. प्रत्येक स्फोटाला पुढचं टोक किंचित मागेपुढे होतं आणि ठरावीक फेऱ्यांना हे पिळणं वाढत जातं. चार सिलिंडरचा क्रँक आखूड असल्यामुळे सहा सिलिंडरांइतका त्रास होत नाही, पण बऱ्याच इंजिनांत पुढच्या पुलीत रबराचा थर असलेला डॅम्पर असतो तो यासाठीच. रबर जुनं होऊन फाटलं, किंवा ‘हलकी पुली, जास्त पिकअप’ म्हणून अख्खी अ‍ॅल्युमिनियमची पुली बसवली, की हे कंपन क्रँकच्या टोकावर बसलेल्या ऑइल पंपाच्या चकतीवर जातं. ती फुटली की दोन सेकंदांत दाब शून्य.

क्रँकला पाच मेन बेअरिंगं, जर्नल आणि पिन एकमेकांवर भरपूर येणारे, आणि शक्य तर घडीव पोलाद, या गोष्टी जास्त फेऱ्यांना उपयोगी पडतात. घडीव क्रँकसाठी पुण्याच्या मुंढव्यातली भारत फोर्ज जगभर माल पाठवते, तेव्हा हा विषय आपल्याला तसा परका नाही. फ्लायव्हीलबद्दल (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाबद्दल) एवढंच, की बिडाचं फ्लायव्हील लेथवर घासून हलकं करायचा मोह टाळावा. त्याच्या कडेवरचा ताणही वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि ते फुटलं तर तुकडे पायांच्या दिशेने येतात.

ताकद आधीच संपते

साध्या गाडीत या सगळ्यापर्यंत जाण्याची गरजच पडत नाही, कारण इंजिनाचा श्वास आधी अपुरा पडतो. किलोवॅट म्हणजे न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९,५४९. के१२ इंजिन ४,००० ला ११३-११५ न्यूटन-मीटर देतं आणि ६,००० ला सुमारे ६१ किलोवॅट, म्हणजे तिथे टॉर्क ९७ वर उतरलेला असतो. व्हॉल्व्हच्या तोंडातून हवा पुरेशी आत जात नाही. समजा लिमिटर काढून ७,००० ला नेलं आणि टॉर्क ७५ उरला, तर हाती येतात ५५ किलोवॅट. सहा कमी. आणि बोल्टांवरची ओढ मात्र ३६ टक्क्यांनी वाढलेली. रीमॅप करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून) ‘लिमिटर उघडून देतो’ म्हणणाऱ्याला कॅम कोणता आणि स्प्रिंगा कोणत्या हे आधी विचारावं. उत्तर ‘कंपनीचेच’ असेल तर पैसे खिशात ठेवावेत.

पेट्रोल जळण्याचा वेग इथे आड येत नाही. फेरे वाढले की आतली खळबळ वाढते आणि ज्वालाही त्या हिशेबाने वेगाने पसरते. डिझेलचं तसं नाही. तिथे इंधन फवारून, मिसळून, पेटायला वेळ लागतो, आणि जास्त दाबासाठी पिस्टन-रॉड जाड ठेवावे लागतात. रांजणगावला बनलेल्या फिआटच्या १.३ मल्टिजेटचा स्ट्रोक ८२ मिमी. कमाल ताकद ४,००० लाच मिळते आणि तिथे पिस्टनचा वेग ११ मीटरच्याही खाली असतो.

लिमिटर कशापासून वाचवतो

ठरलेल्या आरपीएमला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो आणि फेरे थोडे उतरले की पुन्हा चालू. गाडी खडखड करत एकाच जागी अडते ती यामुळे. अधूनमधून त्याला स्पर्श झाला तर काही बिघडत नाही. न्यूट्रलमध्ये उभं राहून मिनिटभर त्यावर धरणं मात्र मूर्खपणा आहे, कारण समोरून हवा नाही आणि अल्टरनेटर पुलीच्या अडीच पटीने सोळा हजारांवर फिरतोय.

चुकीच्या गिअरपासून लिमिटर वाचवू शकत नाही. तिसऱ्यात ६,००० ला असताना चौथा टाकायला गेलात आणि दांडा डावीकडे ओढला जाऊन दुसरा पडला, तर क्लच सोडताच चाकं इंजिनाला फिरवतात. दुसऱ्याचं गुणोत्तर १.९० आणि तिसऱ्याचं १.२८ असेल तर इंजिन ८,९०० ला जातं. इंजेक्टर बंद असले काय, चालू असले काय. थ्रॉटलही बंद, म्हणजे बोल्टांसाठी सर्वात वाईट अवस्था, आणि ओढ दुपटीहून जास्त. तिसऱ्यातून चौथा टाकताना दांडा मुठीत घट्ट आवळू नये, तळहाताने सरळ खाली ओढावा. स्प्रिंग त्याला आपोआप मधल्या रांगेत ठेवते.

असं झालंच, तर क्लच ताबडतोब दाबायचा, गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. लगेच परत चालू करून ‘ठीक आहे ना’ पाहायचं नाही. वाकलेल्या व्हॉल्व्हने आणखी नुकसान होतं. पाना घालून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा, कुठे अडला तर तिथेच थांबावं. अडला नाही तर चारही प्लग काढून कॉम्प्रेशन घ्यावं. चारही सिलिंडरांत एक बारपेक्षा जास्त फरक नको. एकच सिलिंडर खाली असेल तर व्हॉल्व्ह वाकलाय असं समजावं. कॉम्प्रेशन ठीक असलं तरी टॅपेटची फट मोजावी, कारण थोडासाच वाकलेला व्हॉल्व्ह आधी तिथे दिसतो.

मग ऑइल आणि फिल्टर काढायचा, फिल्टर फेकायचा नाही. डबा कापून आतला कागद उलगडून उन्हात धरावा. नुसती काळी घाण असेल तर ठीक. चकाकणारे चंदेरी किंवा तांबूस कण दिसले तर ती शेल आहे. गाडी तशीच गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नये. या टप्प्यावर चेंबर उतरवून शेल आणि रॉडचे आठही बोल्ट बदलले तर काम तिथे थांबतं. आणखी शंभर किलोमीटर चालवली तर पिनवर चरे पडतात, क्रँक बाहेर काढून घासावा लागतो आणि अंडरसाइझ (घासून बारीक झालेल्या पिनसाठीच्या) शेल शोधत फिरावं लागतं.